पेनातला दिवा

पायस फर्नांडिसच्या शर्टाच्या खिशात एक बॉलपेन असतं आणि त्या पेनाने आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यातली रिफिल त्याने केव्हाच काढून टाकली. पुढच्या टोकाला जाड सुई बसवली आहे, मागून एक वायर बाहेर येते आणि तिच्या शेवटाला चिमटा आहे. पोटात एक साधा डायोड, एक रेझिस्टर आणि एक पांढरा एलईडी. चिमटा बॅटरीच्या एका टोकाला लावायचा, सुई दुसऱ्या टोकाला टेकवायची. दिवा लागला तर सुईखालचं टोक प्लस. नाही लागला तर चिमटा आणि सुई यांची अदलाबदल करून पुन्हा बघायचं. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो आणि दुसऱ्या दिशेने अडवतो, एवढ्या एका गुणावर ते पेन चालतं.

पायस होड्यांची वायरिंग करतो. दिवे, बॅटरी, डायनामो, वायरलेस, मासे दाखवणारं यंत्र, जे काही विजेवर चालतं ते सगळं. मालवणात बंदराच्या रस्त्यावर त्याचं दुकान आणि त्याला लागून बर्फाचा कारखाना. कारखाना माझा नाही, मी तिथे मॅनेजर आहे; म्हणजे बर्फ चांगला निघाला तर नाव मालकाचं आणि वितळला तर शिव्या मला. दोन्हींच्या मध्ये पत्र्याची भिंत आहे, त्यामुळे पायस दिवसभर काय करतो हे मला न बघता कळतं.

तो प्रत्येक वायर त्या पेनाने तपासतो. नवीकोरी वायर असो, तांबडी स्वच्छ तांबडी आणि काळी स्वच्छ काळी असो, तरी हा आधी पेन लावणार, दिवा बघणार आणि मग पकड हातात घेणार. गिऱ्हाईक खोळंबतं, कुरकुरतं. बंदरावर त्याची थट्टा ठरलेली आहे. "पायसान लग्नाच्या आधी जेसिंताकय पेन लावन बघलेल्यान," असं कोणीतरी म्हणतं, आणि पायस मान खाली घालून हसतो. जेसिंता त्याची बायको, हायस्कुलात विज्ञान शिकवते. तिच्या कानावरही ही थट्टा गेलेली आहे. ती म्हणते, दिवा लागला म्हणूनच लग्न झालं.

पेनाचं खरं कारण मात्र मालवणात पायस, जेसिंता आणि मी, अशा आम्हां तिघांनाच ठाऊक होतं. पायसला तांबडं दिसत नाही.

डोळे चांगले आहेत त्याचे. खाडीपलीकडे कोणाची होडी लागली आहे ते मला चष्मा लावूनही कळत नाही, तो बसल्या जागेवरून सांगतो. पण तांबडा रंग त्याला काळपट दिसतो. कोकमाच्या झाडावरचा पिकलेला रातांबा आणि त्यामागची पानांची सावली त्याला सारखीच. तो चाचपून रातांबे काढतो. हे आम्हांला तरुणपणी एसटीच्या ड्रायव्हरच्या भरतीला गेलो तेव्हा कळलं. डॉक्टरने रंगीत ठिपक्यांची चित्रं पुढे धरली. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा होता. "काय दिसतंय?" डॉक्टरने विचारलं. पायस म्हणाला, "ठिपके." पुढच्या चित्रातही ठिपके आणि त्याच्या पुढच्यातही. त्याला घरी पाठवलं. मी रंगांत पास झालो, पण उंचीत बसलो नाही. त्या टेपवाल्यावर माझा अजून राग आहे, पण गोष्ट माझी नाही.

ज्याला तांबडं आणि काळं सारखंच दिसतं त्याने कुठलाही धंदा करावा, वायरिंगचा सोडून. पायसने नेमका तोच धरला, कारण म्हापशाला सिडनीमामाचं गॅरेज होतं आणि दुसरीकडे कोणी उभं करत नव्हतं. तिथे सुरुवातीलाच त्याने एका ट्रकची बॅटरी उलटी जोडली. क्षणात धूर. डायनामोतली डायोड प्लेट गेली. मामाने त्याला आईवरून शिवी दिली, ती सख्ख्या बहिणीलाच लागते हे रागाच्या भरात त्याच्या लक्षात आलं नाही. मग जळलेली प्लेट त्याच्या हातात देऊन म्हणाला, काय जाळलंस ते आधी समजून घे.

पायसने ते समजून घेतलं, आणि ते त्याला लवकर समजलं, कारण त्याचं घर कोळंबच्या खाडीकाठी आहे. तिथे भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधात लाकडी झडप ठेवतात. त्यांच्या घरी तिला गोव्याकडच्यासारखं मानस म्हणतात. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की बाहेरचं पाणीच झडपेला दाबून धरतं आणि स्वतःचा रस्ता बंद करून घेतं. उघडझाप करायला माणूस लागत नाही.

"डायोड म्हणजे मानस," पायस मला म्हणाला होता. "आतलां पाणी भायर जाता, भायरचां आत येणा नाय."

त्याचा हिशोब बरोबर आहे. झडप उघडायलाही थोडा रेटा लागतो. सिलिकॉनच्या डायोडला तो पाऊण व्होल्टाच्या आसपास लागतो, त्याहून कमी दाबाला तो दाद देत नाही. उधाणाची भरती आली तर झडप मोडते, तसा उलटा दाब मर्यादेबाहेर गेला की डायोडही जातो. डायनामो फिरतो तेव्हा त्यातली वीज भरती-ओहोटीसारखी पुढे-मागे होत असते, आणि बॅटरीला तर एकाच दिशेची वीज लागते. म्हणून डायनामोच्या पाठीत डायोडांची प्लेट बसवलेली असते. बॅटरी उलटी जोडली तर त्या सगळ्या झडपा एकदम उघड्या पडतात, मध्ये अडवणारं कोणी राहत नाही आणि बॅटरीतली सगळी ताकद प्लेटमधून धावते. त्याचाच तो धूर.

झडप म्हणजे लाकूड आणि बिजागरी, ते मला दिसतं. पण डायोडात हलणारं काहीच नाही, मग अडवतं कोण, असं मी एकदा जेसिंताला विचारलं आणि फसलो. बाईंनी शाळाच भरवली. शुद्ध सिलिकॉन विजेच्या कामाला फारसा येत नाही, ती म्हणाली. त्यात चिमूटभर दुसरं द्रव्य मिसळतात. एका बाजूला असं मिसळतात की इलेक्ट्रॉन जास्त होतात, दुसऱ्या बाजूला असं की ते कमी पडतात, म्हणजे त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. त्या रिकाम्या जागासुद्धा वाहतात.

"रिकामी जागा वाहील कशी?" मी म्हटलं. मला राग आला होता, कारण मला कळत नव्हतं.

"चर्चमध्ये मिसाला पहिल्या बाकावरचा माणूस उठून गेला की मागचा पुढे सरकतो, त्याच्या मागचा त्याच्या जागी येतो. माणसं पुढे गेली, पण रिकामी जागा कुठे गेली? मागे, दाराकडे." मी देवळात जाणारा माणूस, पण नाताळच्या मिसाला तिच्याकडे गेलेलो आहे, त्यामुळे पटलं. दोन बाजू जिथे भेटतात, तिथे जास्तीचे इलेक्ट्रॉन शेजारच्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात आणि मध्ये एक ओसाड पट्टा तयार होतो. तोच बांध. बॅटरी सरळ लावली की तो पट्टा अरुंद होतो आणि वीज पार होते. उलटी लावली की पट्टा रुंद होतो आणि काही जात नाही. मला हे समजलं याचं मला अजून नवल वाटतं.

पायसला त्यात नवल वाटलं नाही. त्याला एवढंच दिसलं की रंग न बघता सरळ आणि उलटं ओळखणारी एक वस्तू जगात आहे. मामाच्या गॅरेजात त्याने ते पेन केलं. पुढे तो मालवणात आला, दुकान थाटलं, आणि त्याच्या हातून एकही वायर उलटी लागली नाही. रंगावर भरवसा ठेवणारे चुकतात; याला तो ठेवताच येत नव्हता. पण हे लोकांना सांगून पटलं नसतं. भर समुद्रात ज्या दिव्यावर आणि वायरलेसवर माणसाचा जीव असतो, ते काम तांबडं-काळं न कळणाऱ्याच्या हाती कोण देईल? म्हणून आम्ही तिघं गप्प होतो. ती गोष्ट बाहेर पडली की दुकान बंद, हे पायसला रोज सकाळी कुलूप उघडताना माहीत असायचं.

मागच्या मोसमात नारळी पौर्णिमेला ती बाहेर पडली.

सहदेव मेतर आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याची होडी 'सातेरी प्रसाद' माझ्याकडून बर्फ नेते आणि पायसकडून वायरिंग करून घेते. बायको चंद्रावती मासळी बाजारात बसते, मुलगा निकेत आता होडी चालवतो. सणाच्या आदल्या दिवशी पायसने होडीचं सगळं काम पुरं केलं, पेनाने तपासलं आणि घरी गेला. बॅटरी जुनी होती, तिच्या टोकांवरच्या खुणा झिजून गेलेल्या. दुसरा कोणी असता तर त्याने प्लसला तांबड्या रंगाचा ठिपका दिला असता, सगळे देतात. पायसच्या दुकानात तांबड्या रंगाचा डबाच नाही. त्याला त्याचा उपयोग काय?

सणादिवशी सकाळी निकेतने वायरी सोडल्या, बॅटरी वर काढली, टोकांवरची खारट बुरशी गरम पाण्याने धुतली आणि ती पूजेला पुळणीवरच्या वाळूत ठेवली. चंद्रावतीने होडीच्या पुढच्या नाळेला हळदकुंकू लावलं, इंजिनाला लावलं, बॅटरीलाही लावलं. बॅटरीचं जे टोक तिच्याकडे होतं त्यालाच तिने ते लावलं. नमस्कार झाला. निकेतने बॅटरी आत ठेवली, बघितलं तर एक टोक तांबडं, एक कोरं. त्याने तांबडी वायर तांबड्या टोकाला लावली. दुसरी वायर टेकताच ठिणगी, धूर आणि जळक्या प्लेटचा वास.

बाकीच्या होड्या नारळ सोडून समुद्रात गेल्या. सहदेवचा नारळ गेला, होडी राहिली.

पायसला बोलावणं आलं, मीही सोबत गेलो. पुळणीवर माणसं जमली होती आणि सहदेव सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता. "काल हात लायलंस आणि आज प्लेट जळाली. सणाच्या दिसाक! काय करून ठेवलंस मेल्या?"

"अंकल, मी तांबडी वायर तांबड्या टोकाकच लायलंय," निकेत पायसला म्हणाला. "देवाशपथ." तो खोटं बोलत नव्हता.

पायस होडीत चढला. प्लेट हुंगली. मग बॅटरीला पेन लावलं, दिवा लागला नाही; उलटं लावलं, लागला. तो तसाच वाकून बसला. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "सुदेश, ह्या टोकाक काय लागलेलां आसा? माका काळा दिसता."

"कुंकू," मी म्हटलं. ज्या टोकाला ते होतं ते मायनस होतं.

पायसने वर बघितलं. चंद्रावती पूजेचं ताट घेऊन समोरच उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं. पुढे काय होणार तेही मला कळलं होतं. सहदेव रागीट, वर सण, वर चार माणसं. मोसमाच्या पहिल्याच दिवशी घरच्या बाईच्या हाताने होडी अडली, हे एकदा कोणी म्हटलं की ते वर्षभर तिच्या मागे लागणार. जाळं रिकामं आलं तरी तिचाच हात. पण पायसची सुटका मात्र होती. नुसतं बोट दाखवायचं, हे बघा कुंकू. मी वाट बघत होतो.

पायसने खिशातलं फडकं काढलं आणि ते टोक पुसून टाकलं. मग उभा राहून म्हणाला, "सहदेवा, चूक माझी. बॅटरीची खूण झिजलेली, नवी खूण मी करूक होयी होती. मी करूक नाय. माका तांबडा दिसणा नाय."

"दिसणा नाय म्हणजे?"

"तांबडा आणि काळा माका एकच. पयल्यापासून."

सहदेवला ते खरं वाटेना. त्याने होडीवरचं तांबडं निशाण ओढून पुढे धरलं. "ह्यां काय रंगाचा?"

"काळपट," पायस म्हणाला.

कोणीतरी हसलं. सहदेव हसला नाही. "इतकी वर्सां आमचो जीव तुझ्या हातात देवन समुद्रात गेलव," तो म्हणाला, "आणि तू सांगलंस नाय. आजपासून माझ्या होडयेक हात लावचो नाय." चंद्रावती ताट पदराखाली घेऊन घराकडे वळली.

परत येताना मी पायसवर असा भडकलो की रस्त्यातल्या रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. कुंकू दाखवलं असतंस तर तुझं काय जात होतं, मी विचारलं. धंदा बुडवलास, जेसिंताला काय सांगणार?

"कुंकू लावणां वयनीचा काम," तो म्हणाला. "खूण करणां माझा." एवढं बोलून तो दुकानात गेला आणि उद्या कोणी येणार असल्यासारखा टेबल पुसायला लागला.

कोणी आलं नाही. पत्र्याच्या भिंतीपलीकडून काही ऐकूच येईना. होड्या दुसऱ्या वायरमनकडे जायला लागल्या, माझ्याकडे बर्फाला आलेली माणसं त्याच्या दारावरून मान वळवून जायची, आणि जे कधी त्याचं पेन बघून हसायचे ते आता पेन विसरून नुसता आंधळा म्हणायचे. जेसिंता शाळेतून येताना दुकानात डोकवायची आणि दोघं मिळून घरी जायची. मला चंद्रावतीचा राग आला होता. तिच्याकडून मी मासे घ्यायचे बंद केले. तिला त्याने काही फरक पडला असेल असं नाही, पण मला बरं वाटलं.

मग सहदेवच्या होडीला नवी प्लेट बसवायला आलेल्या वायरमननेच बोलता बोलता सांगितलं, की बॅटरी उलटी लागूनही मासे दाखवणारं यंत्र आणि वायरलेस शाबूत आहेत, कारण कोणीतरी त्यांच्या वायरीत आधीच एकेक डायोड घालून ठेवलाय. उलटी वीज त्याने दारातच थोपवली. कोणी घातला ते निकेतला माहीत होतं. त्याने हे घरी आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात मी होतो, म्हणून हे ऐकीव नाही. चंद्रावतीच्या शेजारची एक बाई गिऱ्हाइकाला आंधळ्या वायरमनची गोष्ट रंगवून सांगत होती. चंद्रावती सुरमई कापत होती. तिने कोयता खाली ठेवला.

"आंधळो कोणाक म्हणतंस गो?" तिचा आवाज मुळात बाजाराचा, त्यात ती उभी राहिली. "त्या बॅटरीक कुंकू मी लायलंय. उलट्या टोकाक. माझ्या झिलान तां बघान वायर लायल्यान. पायस भावजीनी कुंकू फडक्यान पुसल्यानी आणि चूक आपल्या माथ्यार घेतल्यानी. मी थंय उबी होतंय आणि तोंड उघडलंय नाय. आता जा आणि ह्यां सांग सगळ्यांक."

मालवणचा मासळी बाजार गप्प झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मी तिच्याकडून सुरमई घेतली, आणि गहिवरून आल्यामुळे ती ताजी आहे की नाही हेही बघायचं विसरलो.

सहदेव घरी काय बोलला ते मला माहीत नाही. पण थोड्याच दिवसांत पायसच्या दारात रिक्षा थांबली. निकेतने वायरींसकट बॅटरी उतरवली, मागून चंद्रावती आली. मी बर्फाचं काम टाकून गेलो. भिंतीतून ऐकण्यावर भागणारं नव्हतं. एका वायरीवर निळ्या सुताचे वेढे घट्ट आवळून गाठ मारलेली होती, जाळ्याला मारतात तशी.

"जाळ्याची गाठ आसा, भावजी," चंद्रावती म्हणाली. "खाऱ्या पाण्यात सुटाची नाय. प्लसाक बांधलंय. हाताक लागता मा?"

पायसने गाठीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"माझ्या घोवान सांगल्यान, सगळ्या होडयेर अशीच बांधूया," ती म्हणाली. "तो येवक लाजता." मग तिनेच त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. "पण आधी दिवो लावन बघा. माझ्या हाताचो आता माकाच भरवसो नाय."

पायसने पेन काढलं. चिमटा एका टोकाला, सुई गाठीच्या टोकाला. दिवा लागला.

"बरोबर आसा, वयनी," तो म्हणाला.

चंद्रावतीने कनवटीची डबी काढली, उघडली आणि बोट कुंकवात बुडवलं. "आता सांगा," ती म्हणाली. "खंय लावू?"

पायसने सुईचं टोक तिथेच टेकवलेलं ठेवलं आणि म्हणाला, "हंय." तिने तिथे कुंकू लावलं. त्याला ते काळंच दिसलं असणार.